ओळ कुठे संपली

“मॅडम, हे सेमीकोलन कशाला? ओळ कुठे संपली ते मशीनला कळतं आता.” असं म्हणत शेजारच्या टेबलावरच्या सायलीने माझ्या कीबोर्डवर झुकून प्रोग्रॅमच्या ओळींच्या शेवटचे चार-पाच सेमीकोलन करंगळीने उडवलेसुद्धा.

कळत असेल. गावी एकट्या राहणाऱ्या आईचं फोनवरचं बोलणं संपलं की मलाही कळतं. तरी ती “ठेवते हं” म्हणते, आणि मी “ठेव” म्हणेपर्यंत थांबते. पूर्वी मला याचा कंटाळा यायचा. मग गेल्या वर्षी एका सकाळी “आज पाणी लवकर आलं बाई” एवढं बोलून फोन कट झाला. वाक्य पुरं होतं. कुणालाही संपलंच वाटलं असतं. पण “ठेवते” आलं नव्हतं. मी आईच्या शेजारच्या काकूंना फोन करून धावायला लावलं. आई ओट्याशी पडली होती.

संपलेलं आणि तुटलेलं दिसायला सारखंच असतं. अंदाज बांधणाऱ्या मशीनचं कौतुक मला सांगू नका. सायली चहाला गेली तेव्हा मी सगळे सेमीकोलन परत टाकले. तिने पुन्हा काढले, तर पुन्हा टाकीन. माझं बोलणं कुठे संपलं ते मी सांगणार, मशीनने ऐकायचं.