पोर्शन राहतो त्यांचा

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. रक्तातली साखर, प्राचार्यांवरचा राग, केस काळे करतो ते. एवढी एक गोष्ट मात्र तिच्याही कानावर घातलेली नाही, आणि तिला नाही म्हणजे कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर असतात तर एव्हाना मी विषय बदलला असता — त्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

मी नाशिकच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. विभागप्रमुख आहे. विभाग केवढा, तर मी, एक कपाट, आणि दरवर्षी तासिका तत्त्वावर येणारं कुणीतरी. म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचेच पैसे, सुट्टीत घरी, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. अशा माणसाला स्टाफरूममध्ये खुर्ची मिळते, लॉकर मिळत नाही. आम्ही त्यांच्याशी चांगलं वागतो, म्हणजे त्यांना आपला चहा पाजतो आणि आपले पेपर तपासायला देतो.

पहिल्या वर्षाला एक पेपर असतो — समाजशास्त्राचा उगम आणि आद्य विचारवंत. कित्येक वर्षं तो मीच शिकवला. शिकवला म्हणजे काय, सांगितला. 'लिहा' म्हणायचं आणि खिडकीबाहेर बघत बोलत सुटायचं. जनक कोण, जन्म कुठे, ग्रंथ कोणते, टीपा द्या. पोरं मान खाली घालून लिहायची, पासही व्हायची. मला वाटायचं, हेच शिकवणं. वाटायचं कशाला — अजून कुणी त्याला शिकवणं नाही असं म्हटलेलंच नव्हतं.

मग करुणा गांगुर्डे आली. निफाडकडची, बौद्ध घरातली, वडील प्राथमिक शिक्षक. अंगानं बारीक, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत जाणारा. सकाळचा पहिला तास कुणालाच नको असतो, म्हणून तो पेपर मी तिच्या गळ्यात घातला. उपकार केल्यासारखं तोंड करून.

तिच्या वर्गाबाहेर पाण्याचा कूलर होता. त्या वर्षी मी फार पाणी प्यायलो.

ती 'लिहा' म्हणत नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या पोरांना विचारलं, द्राक्षांच्या दिवसांत तुमच्याकडची माणसं आमच्या निफाडला येतात. मजूर नाक्यावर कोण पुढं उभं राहतं? बाईला कमी रोज का? आमच्या गावात जेवणावळीला कोण कुठं बसतं, ते कुणी ठरवलं? मग एक जण म्हणाला, "मॅडम, ते असंच असतं." आणि ती हसली — मला ते हसू कूलरपाशी ऐकू आलं — आणि म्हणाली, "असंच असतं, यावर ज्यांचा विश्वास बसेना, त्यांच्यापासून आपला विषय सुरू होतो." मग फ्रान्समधली उलथापालथ, गेलेला राजा, कारखान्यांच्या धुराकडं धावणारी खेडी, आणि आता माणसांना एकत्र धरून ठेवणार कोण या काळजीनं झोप उडालेले ते पहिले विचारवंत. मी हे सगळं वीस ओळींत लिहून देत आलो होतो. या माणसांना कधी काळजी वाटली असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

विषयाच्या बारशाची गोष्टही तिनं सांगितली. ज्या फ्रेंच माणसाला आपण जनक म्हणतो — नाव कशाला घेऊ, नावं पाठ करून घेण्यातच माझी हयात गेली — त्यानं आधी विषयाला 'सामाजिक भौतिकी' म्हणायचं ठरवलं होतं. तेवढ्यात बेल्जियममधल्या एका आकडेतज्ज्ञानं तेच शब्द आपल्या पुस्तकावर घातले. झालं! या गृहस्थाच्या अंगाचा तिळपापड झाला. माझे शब्द पळवले म्हणून त्यानं चिडून अर्धं लॅटिन, अर्धं ग्रीक जोडून नवंच नाव पाडलं. "म्हणजे बघा," मॅडम म्हणाली, "आपल्या विषयाचं बारसं कुणाच्या तरी जळफळाटातून झालंय." वर्ग खो खो हसला. बाहेर मी रिकामा ग्लास घेऊन उभा.

आणखी एक होतं. त्याच माणसाचे जाडजूड ग्रंथ एका इंग्रज बाईनं थोडक्यात करून इंग्रजीत आणले. बाईला ऐकू येत नव्हतं, तरी ती देश हिंडली, लोकांना प्रश्न विचारत राहिली. तिचं काम पाहून तो फ्रेंच इतका खूश झाला की माझ्याऐवजी हिचंच वाचा म्हणू लागला. "आपल्या पुस्तकात ती कुठं आहे, शोधून आणा," असं मॅडमनं सांगितलं. एक मुलगी शोधत शोधत माझ्याकडे आली. मला त्या बाईचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "ते परीक्षेला नाही."

तिथंच सुरू झालं का? की त्याआधीच, कूलरपाशी? नीट सांगता येत नाही. एवढं सांगतो की मी जळत होतो. एरवी जळणं म्हणजे शेजाऱ्यानं गाडी घेतली की होतं तेवढंच मला माहीत होतं. हे वेगळं होतं. घरी आंघोळीला गेलो की मी बारशाची गोष्ट मोठ्यानं सांगून पाहायचो, तिच्यासारखं थांबून, तिच्यासारखं "म्हणजे बघा" म्हणून. बायको बाहेरून विचारायची, कुणाशी बोलताय? माझी गोष्ट मलाच हसवत नव्हती. मला तिच्यासारखं व्हायचं होतं, आणि ते जमणार नसेल तर ती माझ्या डोळ्यांसमोर नको होती.

विभागप्रमुखाच्या हातात फारसं काही नसतं, पण वेळापत्रक असतं. स्नेहसंमेलनाच्या समितीत मी तिला घातलं. तिचे तास माझ्या 'जादा तासांना' घेतले. ती कुरकुरली नाही. शनिवारी सकाळी पोरांना बोलावून राहिलेला भाग पुरा करू का, असं तिनं मलाच विचारलं, आणि वर्गाची किल्ली मीच दिली. एका शनिवारी पासबुक भरायला निघालो होतो, वाट वाकडी करून कॉलेजात गेलो. वर्ग भरलेला होता. जर्मन विचारवंत चालू होता, म्हणजे शेवटचं प्रकरण. मी दारातून परत फिरलो. हे मुद्दाम सांगतोय. म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही माझ्या अज्ञानावर काही ढकलू नये.

त्या उन्हाळ्यात कायमची जागा निघाली. खुल्या प्रवर्गातली. अर्ज बरेच होते, तरी सगळ्यांना ठाऊक होतं की जागा तिची आहे. शिपायानंसुद्धा पेढे मागून ठेवले होते.

आमच्याकडे मुलाखतीची एक रीत आहे. तज्ज्ञ बाहेरचे असतात, ते तासभर विचारवंतांबद्दल विचारतात. संस्थेची माणसं तेवढा वेळ चहा पितात. त्यांना विषयातलं काही कळत नाही आणि तसं ते मोकळेपणानं सांगतातही. मग उमेदवार बाहेर गेला की ते विभागप्रमुखाकडे वळतात आणि एकच विचारतात — पोर्शन पुरा होतो का? अभ्यासक्रम संपला की शिक्षक चांगला, राहिला की वाईट. इतकी वर्षं ही रीत मीच स्टाफरूममध्ये टिंगलीवर नेत आलो होतो.

तज्ज्ञ तिच्यावर खूश होते. कुणीतरी हळूच म्हणालं, जागा ओपनची आहे ना, हे लक्षात आहे ना सगळ्यांच्या? कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही — जो दरवर्षी जात आणि विषमता या प्रकरणावर भरपूर टीपा देतो. मग संस्थेचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. कशा आहेत मॅडम?

मी म्हणालो, "शिकवतात उत्तम. पोर्शन राहतो त्यांचा."

एवढंच. आवाजही चढवला नाही. उलट थोडं हळहळल्यासारखं बोललो. तज्ज्ञांपैकी एकानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण अध्यक्षांनी कागदावर रेघ मारलेली मला दिसली. जातीचा माझ्या जळण्याशी संबंध नव्हता असं मी स्वतःला सांगत आलोय. नसेलही. पण दुसऱ्या कुणाबद्दल तेच बोललो असतो तर त्या खोलीत निदान एक जण म्हणाला असता, का राहतो, विचारा की. तिच्याबद्दल कुणालाच विचारावंसं वाटलं नाही, आणि ते तसं होणार हे मला बोलायच्या आधी ठाऊक होतं.

बाहेर व्हरांड्यात ती बाकावर बसली होती. मला बघून उठली. मी तिच्या नजरेला नजर देऊन म्हणालो, "मी माझ्याकडून सांगितलंय आत." तिनं हात जोडले.

जागा दुसऱ्याच एकाला मिळाली. तो दोन वर्षांत बदली घेऊन गावी गेला. गांगुर्डे मॅडम चांदवडला एका विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात लागली. एकदा नाशिकातच द्वारका चौकात भेटली, चांदवडच्या गाडीची वाट बघत होती. गाड्यांच्या भोंग्यांत ओरडून बोलावं लागत होतं. "सर, निदान तुम्ही तरी माझ्या बाजूनं बोललात. ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. तेव्हा सांगता आलं नसतं का? गाडी यायला बराच वेळ होता. मी तिला चांदवडच्या कांद्याचा भाव विचारला. शिक्षकदिनाला तिचा फोन अजून येतो.

आणि तिचा तास? तो मी घेतला. ती गेल्यावर तो पेपर माझ्याकडे परत आला, आणि मी 'लिहा' म्हणणं सोडलं. आता मजूर नाका, जेवणावळ, राजा, धूर, बारसं, ती इंग्रज बाई, सगळं तिच्याच क्रमानं सांगतो. निरोप समारंभात पोरं म्हणतात, सर, तुमच्यामुळं विषय कळला. गेल्या वर्षी संस्थेनं माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तिच्या तासातला एकच तुकडा मी गाळतो. आपला तो जनक तरुणपणी एका वडीलधाऱ्या विचारवंताचा चिटणीस होता, बरंचसं त्याच्याचकडून शिकला. मग दोघांचं बिनसलं, आणि पुढं जन्मभर हा म्हणत राहिला की त्या संगतीत माझं नुकसानच झालं. हे पोरांना सांगायला माझ्याकडे दरवेळी वेळ कमी पडतो.

या जूनमध्ये पहिल्या तासाला मी बारशाच्या गोष्टीपाशी आलो, आणि मी "म्हणजे बघा" म्हणायच्या आत तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हसली. चांदवडची होती. म्हणाली, "सर, आमच्या गांगुर्डे मॅडम बी हेच सांगायच्या. सेम असंच."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. इतकं सोपं होतं ना? त्यांचंच आहे, असे दोन शब्द. मी म्हणालो, "असेल. पुस्तकातलंच आहे ते."

तास संपल्यावर मी त्या मुलीला व्हरांड्यात गाठलं. तुम्हाला वाटेल, खरं सांगायला. नाही. मी तिला विचारलं, "मग? कोण चांगलं सांगतं?" या वयात, पांढरे केस काळे करून, मी पोरीला हे विचारलं. ती बिचारी गोंधळली. "सर, तुमी भारीच सांगता," म्हणाली. मग — खोटं बोलायची सवय नसावी — "फक्त मॅडम सांगायच्या ना, तवा आमाला घंटा ऐकू यायची नाय."

मला त्या दिवशीही घंटा ऐकू आली होती. मला ती रोजच ऐकू येते, मी तिची वाटच बघत असतो.

स्टाफरूममध्ये जाऊन बसलो. लाज वाटायला हवी होती ना? वाटली नाही. मी फक्त जळत होतो, अगदी कूलरपाशी जळायचो तसाच. चहा आला, गार झाला. मग पुढची घंटा झाली आणि मी दुसऱ्या तुकडीवर गेलो. खडू उचलला, पोरांकडे वळलो, आणि सुरुवात केली — द्राक्षांच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याची माणसं आमच्या निफाडला येतात.

मी निफाडचा नाही.