पायाळू नातवंड

बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीसाठी मी महिनाभरात तीन वस्तू केल्या. सागवानी पाळणा, बत्तीस इंच बाय अठरा, एकही खिळा नाही. त्याच्या पितळी कड्या. आणि बाळाला शेक द्यायला शेगडी. पॉवरलूम दुरुस्त करता करता सगळं आपलं आपण शिकलो. पण पोटातलं बाळ फिरवणं मला येत नाही.

आज सकाळी सोनोग्राफीत बाळाचे पाय खालीच दिसले. डॉक्टरबेन म्हणाल्या, "सदतीस आठवडे झालेत. नॉर्मलमध्ये डोकं अडकायची भीती आहे. दोन आठवड्यांनी ठरवून सिझेरियन करू. विचार करून सांगा."

घरी व्याही वाट बघत होते. ते खूशच झाले. "पायाळू नातवंड! पोट फाडून काढलं तर ते कसलं पायाळू? तुम्ही स्वतः पायाळू, आणि घाबरता?"

खरं आहे. कंबरेत चमक भरली की आमच्या लिंबायत वस्तीतली माणसं माझा पाय लावून घ्यायला येतात. मीही ते मिरवत आलो.

मुलीने हळूच विचारलं, "बाबा, तुमच्या वेळी आजीला काय झालं होतं?"

एवढ्या वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. दोन दिवस कळा. तिसऱ्या दिवशी मी आलो, आणि ती गेली.

मुलगी म्हणाली, "तारीख घ्या."

हे वाचणाऱ्यांत कुणी पायाळू असेल, तर आईला त्या कळांचं कधी विचारलंत का?

निघताना व्याही दारात थांबले. ऑपरेशन टाळलं तर बाळाच्या नावावर एक्कावन्न हजार ठेवतो म्हणाले. मी नको म्हणालो.