मुरुपच्या काठीचा आवाज

झंस्कारच्या गोठलेल्या नदीवरून चाळीस हिवाळे चाललेला मुरुप तीन दिवस एकाच गुहेत अडकला होता. अडवणाराही तोच होता.

रोज उजाडलं की तो काठीचं लोखंडी टोक बर्फावर आपटायचा, मान तिरपी करून ऐकायचा आणि माघारी यायचा. "पोकळ आहे. थांबा."

पुढे चालणारा म्हातारा "चला" म्हणेपर्यंत कुणी बर्फावर पाऊल ठेवत नाही, की त्याच्याशी वाद घालत नाही. गावाची रीत तशी. मुरुपनेच ती सगळ्यांच्या अंगी मुरवलेली.

परवा सकाळी लेहला दोलकरची, त्याच्या धाकट्या लेकीची, नर्सिंगची परीक्षा होती. आज निघालं तर उद्या सांजेला गाडीरस्ता लागणार. नाहीतर तिचं वर्ष बुडालं.

"आझांगले," भाचा लुंडुप लोण्याचा खारा चहा ओतत म्हणाला, "बर्फ गुडघाभर जाड दिसतोय. हा पोकळ, तर माझं डोकं काय म्हणायचं?"

"ते आपटून बघायला नको," मुरुप खेकसला.

तिघांत हसलं कुणीच नाही.

मुरुपचा जीव आतल्या आत जळत होता. गेल्या हिवाळ्यापासून त्याचे कान विझत चालले होते. पूर्वी भरीव बर्फ सातूच्या गच्च कणगीसारखा बोलायचा, पोकळ बर्फ रित्या रांजणासारखा. आता कुठेही काठी मारा, लोकरीच्या गठ्ठ्यावर मारल्यासारखं. भरीव म्हणावं आणि चुकावं, तर माणूस नदीखाली जातो. म्हणून तो पोकळच म्हणत राहिला.

त्या चौथ्या सकाळी चहा संपवून तो पुन्हा काठावर गेला. आपटलं. काही नाही. आणखी जोरात आपटलं. रागाने डोळ्यांत पाणी आलं, ते पापण्यांवरच गोठलं.

खांद्यावर हात पडला. दोलकर होती.

"आबाले, मागून चारदा हाक मारली."

"वारा आहे."

"वारा नाहीये, आबाले."

तो नदीकडे बघत राहिला. मग काठी तिच्यापुढे धरून म्हणाला, "मार. काय ऐकू येतं ते सांग. शहाणपणा करू नकोस, नुसतं सांग."

तिने मारली. "भरल्या कणगीसारखं."

"डावीकडे?"

"तसंच."

"त्या काळ्या खडकापाशी?"

"तिथे... रांजण."

"म्हणजे डाव्या कडेने," तो म्हणाला. लुंडुप ओझं बांधून मागे येऊन उभा होता, आणि त्याने सगळं ऐकलं होतं. उद्या गाव ऐकेल.

"चला."

दोलकर पुढे झाली. मुरुप पहिल्यांदाच कुणाच्या मागे चालला. समोर लेकीची पाठ, आणि हात रिकामे. ते कुठे ठेवावेत तेच त्याला उमगेना.

"पाय उचलू नकोस! घासत ने, घासत!" तो ओरडला. "हळू! तुला कुणी शिकवलं चालायला?"

"तुम्हीच," ती म्हणाली, पण ते त्याला ऐकू गेलं नाही. तो ओरडतच राहिला, आणि काठी पुढे पुढे वाजत राहिली.