प्लेगच्या नाक्यावरचं निकडीचं काम

बत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण चार माणसं जमली की शाळेतलं कोणी काही विचारत नाही. विचारतात ते नाक्याचं! "मास्तर, ते न्हाव्याचं सांगा." "मास्तर, ते बैलाचं सांगा." आणि एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागं दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागं तिसरा. शाळेत पोरं दरवर्षी नवी, पण धडे तेच. नाक्यावर उलटं. माणूस यायचा, घटकाभर थांबायचा, हुज्जत घालायचा आणि जाताना एक किस्सा ठेवून जायचा.

तर झालं होतं असं. जळगावात प्लेग आला. घराघरांतून उंदीर मरून पडायला लागले, तसं सगळं गाव उठलं आणि बाहेर शेतांत, कोणी मेहरूणच्या तळ्याकाठी, तट्ट्याच्या झोपड्या घालून राहिलं. गाव रिकामं! मग बंद घरं कोणी फोडू नयेत आणि रोगही इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून रस्त्यांवर नाके बसले. हुकूम असा की गावात जायचं तर पास हवा, आणि पास फक्त 'निकडीच्या कामा'लाच मिळेल.

शाळा बंद होती. त्यामुळे मला धुळे रस्त्याच्या नाक्यावर कारकून म्हणून बसवलं. नाका म्हणजे दोन खुंटांवर आडवा टाकलेला बांबू, बाजूला एक कडुनिंब, त्याच्याखाली टेबल आणि माझं रजिस्टर. नाक्याचे मालक हवालदार रायसिंग. सहा फूट उंची, मिशा अशा की बोलताना आधी त्या हलायच्या, मग शब्द यायचे. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. हाताखाली झिपरू शिपाई, जवळच्याच पाळधीचा, बोलणं सगळं अहिराणीत. आणि रोज दहाला टांग्यातून डॉक्टरसाहेब यायचे, प्लेगची गाठ आली का म्हणून ज्याच्यात्याच्या काखा तपासायचे, पासावर सह्या करायचे.

हवालदारांचा एकच प्रश्न असायचा. "काम क्या है? आणि पुरावा काय?"

•

पहिल्याच आठवड्यात नथ्थू न्हावी आला. काखेत धोपटी. पास नाही.

"कुठं?"

"गावात. पोस्टमास्तर तिथंच आहेत, स्टेशनमास्तर आहेत. त्यांच्या दाढ्या वाढल्यात."

"दाढी म्हणजे निकडीचं काम नाही. वापस जाव!"

नथ्थू निंबाच्या सावलीत बसला, धोपटी सोडली, वस्तऱ्याला धार लावायला लागला. हवालदारांचा हात आपोआप गालावर गेला. नाका बसल्यापासून त्यांनाही न्हावी भेटला नव्हता. गालावर खुंट असे वाढलेले की झिपरू मागून म्हणायचा, "साहेबना तोंडवर बाजरी उनी!"

"साहेब, बसा तर खरं," नथ्थू म्हणाला. "पास देऊ नका. माझा हात शिवशिवतोय म्हणून म्हणतो."

हवालदार बसले. नथ्थूनं उजवा गाल असा साफ केला की माशी बसली तर घसरावी. मग वस्तरा पुसला, मिटला, धोपटी बांधली आणि उठला.

"अरे! आणि डावा?"

"तो परत येताना करतो साहेब. गावातलं काम उरकून."

"मैं तुझे छोडूंगा नहीं!"

"मग मी घरी जातो. माझी झोपडी तिकडं, कोसभर."

एवढ्यात लांबून डॉक्टरसाहेबांच्या टांग्याची घंटी ऐकू आली. हवालदारांनी डाव्या गालाला हात लावला, टांग्याकडं पाहिलं, नथ्थूकडं पाहिलं आणि ओरडले, "मास्तर, लिहा! न्हावी. काम निकडीचं. आणि तू, पहले ये पूरा कर!"

•

सगळेच काही असे हुशार नसायचे. एरंडोलकडचा एक शेतकरी होता, प्लेगच्या दवाखान्यात रोज दुधाच्या चरव्या आणायचा. साधा माणूस. पास व्यवस्थित, रोज दाखवायचा, रोज जायचा. एक दिवस हवालदारांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "मास्तर, नुसता शिक्का बघू नका. आज सबका पास वाचून दाखवा."

मी त्याचा कागद उलगडला. शिक्का होता, सही होती. वाचायला लागलो.

"वर्ण तांबडा. वय वर्षे चार. डावे शिंग खाली वळलेले. स्वभाव गरीब."

धुळ्याच्या गुरांच्या बाजारातली बैल घेतल्याची पावती होती ती! पेटीतून काढताना कागद बदलला होता.

हवालदारांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एक चक्कर मारून मागूनही पाहिलं. चेहरा अगदी गंभीर.

"वर्ण ठीक है. शिंग कुठंय?"

तो बिचारा घामाघूम झाला. हात जोडून म्हणाला, "साहेब, शिंग नही, पन स्वभाव तं गरीब शे ना! तेवढं तं जुळस!"

मी रजिस्टरमध्ये तोंड लपवलं. झिपरू निंबामागं जाऊन बसला. हवालदारांच्या मिशा थरथरायला लागल्या, पण ते हसले नाहीत. बांबू वर केला आणि म्हणाले, "जा. आणि उद्या माणसाचा पास आण."

•

अक्कांची गोष्ट वेगळी. अक्का म्हणजे कापसाच्या एका मारवाडी व्यापाऱ्याची आई. साठी उलटलेली, पण आवाज खणखणीत. रोज सकाळी नाक्यावर हजर, पदराखाली दुधाचं भांडं.

"माझी मांजर घरात राहिली. तिला दूध द्यायचंय."

"अक्का, माणसांना सोडत नाही, मांजरीसाठी कसं सोडू?" हवालदार तिच्याशी मात्र हळू बोलायचे.

आठ दिवस असं चाललं. अक्का यायची, भांडून दमायची आणि दूध झिपरूला पाजून परत जायची. झिपरू चांगला गुटगुटीत व्हायला लागला होता.

नवव्या दिवशी ती डॉक्टरसाहेबांच्या टांग्यापुढंच उभी राहिली.

"डॉक्टर, हा रोग कशानं येतो?"

"उंदरांमुळे."

"मग रिकाम्या गावात आज उंदीर कोण मारतंय? तुम्ही इथं. हवालदार इथं. मास्तर इथं. तिथं एकटी माझी मांजर सरकारचं काम करतेय! आणि तिलाच उपाशी ठेवता?"

डॉक्टरसाहेब टांग्यातून उतरले. मग खिशातून पेन काढलं आणि माझ्याच टेबलाशी बसून पास लिहिला. 'धारक बाईस गावात जाण्याची परवानगी. काम : उंदीर मारणाऱ्यास शिधा पोचवणे.'

अक्का ऐटीत आत गेली. मांजर जिवंत होती, म्हणे, आणि चांगली माजलेली होती. तिला दुधाची काय गरज!

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी. सकाळी नाक्यावर पाहतो तर अकरा बायका उभ्या, अकराजणींच्या हातात दुधाची भांडी! जळगावात एवढी मांजरं त्याआधी कोणी पाहिली नव्हती.

डॉक्टरसाहेबांनी टांग्यातूनच हात जोडले. "बायांनो, मांजरांनाच इकडं पाठवा. काखा तपासतो आणि पास देतो!"

•

धुळ्याहून एक वऱ्हाड आलं, सात बैलगाड्यांचं. मुहूर्त आधीच धरलेला, प्लेगची वार्ता वाटेत कळली. मुलीकडची मंडळी मेहरूणच्या तळ्याकाठी झोपड्यांत होती, तिथंच मांडव घातलेला. पण गाड्यांना तिकडं जायची वाट गावातूनच.

हवालदारांनी बांबू काही हलवला नाही. "बाहेरगावची माणसं पाचच सोडायचा हुकूम आहे. जे निकडीचे आहेत तेवढे पाच सांगा."

झालं! गाड्यांतून पंचाहत्तर माणसं उतरली आणि पंचाहत्तरच्या पंचाहत्तर निकडीची! मामा म्हणाले, माझ्याशिवाय अंतरपाट कोण धरणार? फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, म्हणाले, मला सोडून गेलात तर तुमच्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. एक काका आधीच रुसून गाडीखाली जाऊन बसले होते.

शेवटी नवरदेवाचे वडील पुढं आले. जबाबदार गृहस्थ. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि बोटांवर मोजत एकेक नाव सांगितलं. ते स्वतः, थोरले काका, मामा, फुवा आणि भटजी. मी पाच नावं लिहिली, डॉक्टरसाहेबांनी पाचजणांच्या काखा तपासल्या, हवालदारांनी बांबू उचलला. गाडी आत गेलीसुद्धा.

मागच्या गाडीतून मुंडावळ्या बांधलेलं एक डोकं बाहेर आलं.

"आबा, मी येऊ का?"

हवालदारांनी कपाळावर हात मारला. "मास्तर, सहावा लिहा. माझ्या नावावर लिहा. इसके बिना काम अटक जाएगा!"

•

एक दिवस मात्र थट्टा नव्हती. भर दुपारी एक म्हातारी धापा टाकत आली. पाय धुळीनं भरलेले, डोक्यावरचा पदर घसरलेला. पाळधीची सुईण होती. इकडं गावाच्या पलीकडल्या झोपड्यांत एक बाई कालपासून अडली होती, तिचा दीर बोलावणं करून पुढं निघून गेला होता. आणि नेमका त्याच दिवशी पाळधीत प्लेगचा रोगी निघाल्याचा कागद आलेला. तिथल्या माणसाला डॉक्टरच्या तपासणीशिवाय सोडायचं नाही! डॉक्टरसाहेब तर येऊन परगावी गेलेले, दुसऱ्या दिवशी दहापर्यंत येणार नव्हते.

हवालदारही अडचणीत. हुकूम मोडला तर नोकरी जाणार, नाही मोडला तर दोन जीव. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तू सुईण आहेस, याचा पुरावा काय?"

म्हातारी भडकली. "पुरावा? साठ वरीस झाये, मना हातमा किती पोरे उनात, तेसले जाईसन इचार!"

झिपरू तोवर मागं होता. आवाज ऐकून पुढं आला, म्हातारीच्या तोंडाकडं पाहिलं आणि एकदम तिच्या पाया पडला.

"साहेब, हाई मन्ही दाई शे. मी इनाच हातमा जन्मनू." मग ताठ उभा राहिला, सॅल्यूट ठोकला. "पुरावा मीच शे, साहेब!"

हवालदारांनी बांबू उचलला. मग म्हणाले, "मास्तर, रजिस्टर बंद करा. थोडी देर आपण कोणीच काही बघत नाही." आणि झिपरूला म्हणाले, "तू घेऊन जा. पळत."

म्हातारीला एवढं चालवेना. झिपरूनं तिला पाठंगुळी घेतलं आणि रिकाम्या गावाच्या मधोमध पळत सुटला. उन्हं कलायच्या आत परत आला. सगळा घामानं भिजलेला.

"पोरगी शे," म्हणाला. "दोन्ही खुशाल."

दुसऱ्या दिवशी दहाला हवालदारांनी स्वतः डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी म्हातारीला तपासून घेतलं, काही निघालं नाही. मग हवालदारांकडं बघून म्हणाले, "काल बारानंतर मी इथंच होतो. तुम्हाला दिसलो नाही का?"

•

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

प्लेगनं मेलेल्यांना न्यायला सुपडू नावाचा माणूस होता. एकटा, आणि एक हातगाडा. घरचेही ज्याला हात लावायला भ्यायचे, त्याला सुपडू उचलायचा, चादरीत गुंडाळायचा आणि नदीकाठी न्यायचा. त्याचा पास कायमचा होता. रोज दुपारी तो आमच्या नाक्यावरून डॉक्टरसाहेबांच्या गावातल्या दवाखान्यात जायचा, आज किती, ते सांगायला. एरवी कोणाचंही काम विचारणारे हवालदार त्याला काही विचारत नसत. त्याला वीस पावलांवरच थांबवायचे. तो तिथूनच पास वर धरायचा, झिपरू बांबू उचलून लांब व्हायचा आणि सुपडू मान खाली घालून जायचा. मी पण रजिस्टरवरून डोकं वर करत नसे. खोटं कशाला सांगू? आम्ही भ्यायचो.

एका दिवशी आकडा सोळा होता. तो त्यानं मला लांबूनच, न विचारता सांगितला. बहुतेक कोणाला तरी सांगावंसं वाटलं असेल.

वैशाख तापला, तसा रोग ओसरत गेला. सोळाचे सहा झाले, सहाचे दोन. आणि मग एका दुपारी सुपडू आला तो गाड्याशिवाय. अंघोळ केलेली, धुतलेलं धोतर, डोक्याला तेल. आम्ही आधी ओळखलंच नाही. सवयीनं वीस पावलांवर थांबला, पण हात वर केला नाही.

"पास?" हवालदारांनी ओरडून विचारलं.

"नही आनेल."

"काम काय?"

"काम नही, साहेब."

"काम नाही तर गावात कशाला जातोस?"

सुपडूनं मान वर केली. मग म्हणाला, "काल कोनी नही मरनं. आज बी कोनी नही मरनं. तेच डॉक्टरसाहेबले सांगाले जाई ऱ्हायनू."

 झिपरू बांबूला हात लावून तसाच उभा. मी पहिल्यांदाच सुपडूचा चेहरा नीट पाहिला. माझ्याच वयाचा होता, जेमतेम पंचविशीचा.

हवालदार स्टुलावरून उठले. आपला पाण्यानं भरलेला तांब्या उचलला आणि चालायला लागले. वीसच्या वीस पावलं चालत गेले, त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले, तांब्या त्याच्या हातात दिला.

"तो फिर सुपडू," ते म्हणाले, "तू तर बेकार झालास रे!"

सुपडू घटाघटा पाणी प्यायला. तोंड पुसलं. आणि त्या चार महिन्यांत त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"देव करो नि साहेब," तो म्हणाला, "मी असाच बेकार मरो."