विमानाच्या वाटेनं बानूबाई

येडशीच्या डोंगरात मेंढरं चारणाऱ्या बानूबाईला हैदराबाद किती लांब आहे ते दोघांनी सांगितलं होतं, आणि दोघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं. लॉरीवाला उत्तरेश्वर म्हणे, सडकेनं दोन दिवस हाडं खिळखिळी होतात. कचेरीतला चपराशी म्हणे, मुंबईहून निघून आपल्या डोक्यावरून जाणारं ते विमान इथून पुढं तासाभरात निझामाच्या गावात उतरतं.

तिचा एकुलता एक बब्रुवान तिथंच, विमानतळावर गवत कापायला होता. मेंढरांच्या वासाला वैतागून गेला तो गेलाच. उत्तरेश्वराबरोबर ती निरोप धाडायची आणि तिकडून एकच उत्तर यायचं, लई लांब पडतं. तीन वर्षं हेच ऐकून बानूबाईनं धास्ती घेतली की पोरगा आता आपला राहिला नाही. त्याला एकदा समोर उभं करून विचारल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

मोटारीनं जावं, तर मेंढरं कुणाच्या गळ्यात मारायची? मग सुगी आटोपल्यावर बाई कळप घेऊनच निघाली. भावकीनं वेड्यात काढलं. सडकेला चारा नाही, वरून लॉऱ्या अंगावर येतात. बानूबाई म्हणाली, सडक पाहिजे कुणाला, विमान जातंय की नाकासमोर.

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. मेंढरांना वावर काय नि माळ काय, सारखंच. ज्या दिवशी विमान दिसे त्या दिवशी ते जिथं दिसेनासं होई तिथलं झाड नाहीतर टेकडी ती हेरून ठेवी आणि तिकडं चालू लागे. आभाळ भरलं की मुक्काम. खत मिळतं म्हणून शेतकरी आपणहून कळप रानात बसवून घेत आणि ज्वारी देत, त्यामुळं पोटाची चिंता नव्हती. मांजरा नदीनं मात्र अडवलं. उतार शोधत बाई इतकी वर गेली, की पुढच्या खेपेला विमान कुठल्या कुठं, पार उजवीकडून गेलं. ती चडफडली, नशिबाला चार शिव्या हासडल्या आणि तिरपी चालत पुन्हा त्याच्याखाली आली. बिदरच्या पुढं तिची मोडकी कानडीही संपली. कुणी तेलुगूत काही विचारलं, की ती आभाळाकडं बोट दाखवायची. लोक हात जोडायचे, वर भाकरीही द्यायचे.

विमानतळाच्या तारेशी पहारेकरी खेकसला. आत गवत कापणाऱ्या बब्रुवाननं आवाज ऐकून मान वर केली. त्याला आधी आई नव्हे, पांढऱ्या कपाळाची म्होरकी मेंढी ओळखू आली. विळा टाकून तो धावत आला.

"माय, इतक्या लांब तू आलीस कशी?"

विचारायला आलेलं बानूबाई विसरून गेली. तिनं घोंगडीवरची धूळ झटकली.

"लांब कुठं हाय रं? मेंढरं चारत आले मी."

बब्रुवानला तोंड वर करवेना. त्यानं मुकादमाच्या हातापाया पडून रजा काढली आणि तिच्या हातातली काठी घेतली.

परतीला विमान दोनतीनदा डोक्यावरून गेलं. बानूबाईनं एकदाही वर पाहिलं नाही. पुढं पोरगा चालत होता.