अडकित्त्यापुढे वाचलेली प्रबंधिका

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आज मी एका माणसावर सूड उगवणार आहे. ज्यांना असल्या गोष्टी झेपत नाहीत त्यांनी खुशाल पान उलटावं. बाकीच्यांनी जरा पुढे सरकून बसावं. ज्याच्यावर सूड उगवायचा तो माणूस आता हयात नाही, त्यामुळे मध्येच थांबवून "हे कोण बोललं?" असं विचारणारं कुणी उरलेलं नाही.

"हे कोण बोललं?" या तीन शब्दांनी माझं तारुण्य नासवलं.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते नाट्यशास्त्र शिकवायचे आणि माझे गाईड होते. ऑनर्सच्या शेवटच्या वर्षी स्वतः एक नाटक लिहायचं, ते बसवायचं आणि त्यावर प्रबंधिका सादर करायची, असा नियम. बाकीचे गाईड प्रकरणं घरी नेत, लाल शाईनं खुणा करून परत देत. आमचे सर कागदाला हातही लावत नसत. त्यांच्या टेबलासमोर उभं राहून सगळं मोठ्यानं वाचायचं. ते खुर्चीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत. कट, कट, कट चालू आहे तोवर लिखाण ठीक. आवाज थांबला की तुम्ही मेलात. मान वर न करता ते विचारायचे, "हे कोण बोललं?"

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. माझं नाटक त्यावरच होतं: एक विद्यार्थी प्रबंधिका लिहिण्यासाठी भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातो, त्याची गोष्ट. प्रबंधिकेचं पहिलंच वाक्य मी छातीत हवा भरून वाचलं, "त्या काळरात्री धरणीमातेचे हृदय विदीर्ण झाले."

अडकित्ता थांबला.

"हे कोण बोललं?"

"मी, सर."

"तू? मेसमध्ये भाजी मागताना असंच बोलतोस का? 'माते, माझे उदर विदीर्ण झाले'?"

मागे बाकावर तीन मुली बसल्या होत्या. त्या हसल्या. वाचकहो, त्या हसण्याची नोंद मी त्याच दिवशी मनात करून ठेवली.

मग सुरू झाला माझा छळ. दुसरं प्रकरण ऐकून म्हणाले, "हे तर ग्रंथालय बोललं. टाकून दे." चाळीस पानं होती! तिसऱ्यावर म्हणाले, "हे वर्तमानपत्र बोललं. तू जाऊन बघितलंस का?" मी गेलो होतो म्हटलं, तर, "मग आणखी जा." असं चार वेळा त्यांनी मला किल्लारीच्या बाजूच्या एका शेडवस्तीवर पाठवलं. एसटीनं लातूर, पुढे जीपमध्ये निम्मं शरीर बाहेर ठेवून. तिथल्या बायाबापड्याही मला कंटाळल्या. एक म्हातारी मला बघितलं की पोरींना म्हणायची, "आला बघा इचारणारा. चहा ठेवा, लवकर जाईल."

लातूरला आमचं हार्डवेअरचं दुकान. तिथं अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बजावून ठेवलं होतं, "ह्या उन्हाळ्यापर्यंत डिग्रीचा कागद हातात पडला तर बघू. न्हाईतर काकाच्या क्लासात मराठी शिकवायचं. त्याच्याकडं पोरं मावंनात, जिन्यावर बसून राहिलीत." काकाचा क्लास म्हणजे तीन मजले, पंखे आठ आणि प्रत्येक खिडकीत डॉक्टर होऊ घातलेलं एक पोर. तिथं आयुष्यभर निबंधाचे मुद्दे सांगत मरायचं, या कल्पनेनं मला घाम फुटायचा. आणि माझ्या सुटकेची किल्ली होती सरांच्या सहीत. प्रबंधिका पुरी झाल्याशिवाय सही नाही, आणि सुपारी कातरून संपेपर्यंत अडकित्ता एकदाही थांबला नाही तरच ती पुरी झाली.

तेव्हा मी तो घोर कट रचला.

सर वाचत नसत, फक्त ऐकत. म्हणजे मी जो प्रवेश वाचणारच नाही, तो त्यांच्या लेखी जगात नव्हता. मी चौथा प्रवेश लिहिला. त्यात नायकाचा गाईड येतो, खुर्चीत बसतो, सुपारी कातरतो आणि बिचाऱ्या पोराला छळतो. मी त्याला घोरायला लावलं. त्याचं धोतर सुटायला लावलं. (सर पँट घालत, पण सूडात एवढं चालतं.) वाचताना मी तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर उडी मारत असे. शेवटच्या तारखेच्या दुपारी सगळं ऐकून सर म्हणाले, "बरं हाय. मधी कुठंतरी उडी वाटून राहिली." पण त्यांनी सही केली. तासाभरात मी सोनेरी अक्षरांची, आधीच बांधून ठेवलेली प्रत ऑफिसात जमा केली आणि हॉटेलात जाऊन दोन प्लेट भजी खाल्ली. आता प्रयोग. पहिल्या रांगेत सर, शेजारी बाहेरगावचे परीक्षक, मागे सगळा विभाग, त्या तीन मुलींसकट. आणि रंगमंचावर सर!

गाईडचं काम माझा मित्र उद्धव करणार होता, नायकाचं मी. तालमीत अडकित्ता म्हणून आम्ही दुकानातली एक पक्कड वापरायचो.

प्रयोगाच्या दिवशी विंगेत उभा असताना दोन गोष्टी दिसल्या. एक, तिसऱ्या रांगेत अप्पा. माझी वळकटी न्यायलाच आले होते, बांधायला सुतळी घेऊन. दुसरी गोष्ट दिसली नाही, सुचली: निम्मे गुण सरांच्याच हातात होते. एवढी साधी गोष्ट मला चार महिन्यांत सुचली नव्हती! पण तोवर चौथ्या प्रवेशाचा पडदा उघडला होता.

उद्धव खुर्चीत बसला. त्याच्या हातात पक्कड नव्हती. सरांचा स्वतःचा पितळी अडकित्ता होता, मुठीवरच्या मोराची चोच मोडलेला. प्रेक्षकांत खसखस पिकली. मला वाटलं, पठ्ठ्यानं चोरला! वाहवा!

चोरला नव्हता. मागायला गेला होता, गाढव. "सर, एका प्रवेशात लागतो," म्हणून. सरांनी विचारलं, "कोणत्या?" यानं सगळा प्रवेश म्हणून दाखवला. हे त्यानं मला नंतर सांगितलं, तेही मी गचांडी धरल्यावर. सरांनी आठ दिवस त्याला खोलीत बसवून सुपारी धरायला शिकवलं. आणि एक सूचना दिली.

मी माझं मोठं भाषण सुरू केलं. सरांना कधीही न ऐकवलेलं, लपवून ठेवलेलं, माझं लाडकं भाषण. "हे वसुंधरे, तुझ्या उदरात गाडली गेलेली ती स्वप्ने..."

अडकित्ता थांबला. संहितेत तिथं थांबायचं नव्हतं; उद्धवनं घोरायचं होतं.

"हे कोण बोललं?" उद्धव म्हणाला. हुबेहूब.

सभागृह हसलं. मी पुन्हा म्हटलं, "हे वसुंधरे..."

"हे कोण बोललं?"

आता कुणी हसलं नाही. मला पुढचं काही आठवेना. पहिल्या रांगेत सर मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून बसले होते, खोलीत बसत तसेच. आणि मग, कसं कोण जाणे, माझ्या तोंडून त्या चहावाल्या म्हातारीचं बोलणं निघालं. वहीत मी ते टिपलं होतं, पण फार साधं म्हणून नाटकात घेतलं नव्हतं.

"ती म्हणाली, घरातली समदी भांडी सापडली, बाबा. एक तांब्या न्हाई सापडला. लोक मला हसतेत. म्हणतेत, घरची माणसं गेली अन् म्हातारी तांब्या हुडकून राहिली. आता माणसं कुठं हायती ते मला ठाव हाय. तांब्या कुठं हाय ते ठाव न्हाई. म्हणून हुडकते."

उद्धवनं कातरायला सुरुवात केली. कट. कट. कट.

त्याच वेळी सर उठले आणि बाजूच्या दारानं बाहेर गेले. धोतर सुटायचं अजून बाकी होतं! एवढा रचलेला सूड, आणि तो बघायलाही हा माणूस थांबला नाही. पुढे त्यांनी मला भरघोस गुण दिले, पण या प्रयोगाबद्दल एक शब्दही कधी काढला नाही. बाहेर जाऊन काय केलं, हेही नाही. मी विचारीन विचारीन म्हणत राहिलो, आणि एक दिवस मला लातूरला फोन आला, सर वारले. हा राग माझा अजून गेलेला नाही.

पण त्या क्षणी मला फक्त सरांची रिकामी खुर्ची दिसत होती. सभागृहात कुणी हलत नव्हतं. परीक्षकांनी चष्मा काढून हातात धरला होता. त्या तीन मुलींपैकी एक पदरानं डोळे पुसत होती. आणि तेवढ्या शांततेत, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तितक्या मोठ्यानं, तिसऱ्या रांगेतून अप्पा शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले,

"ह्याला क्लासात न्हाई बसवून भागायचं हो, डॉक्टर व्हायला आलेली समदी पोरं रडवून घरी धाडंल ह्यो!"