शिंगणापूरकराचं कुलूप

परदेशात नोकरी करून आलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. माझे सगळे मात्र फिरून एका पितळी कुलपावरच येतात. ते कुलूप घरी आहे, शेजारी एक काळा दगडही आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी दोन्ही अभिमानाने दाखवतो. शेवगावच्या स्टँडवर चहाला बसलो की मित्र म्हणतात, "सर, कुलपाचं काढा." मग काढतो!

मी शनिशिंगणापूरचा. आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. शेवगावकडच्या एका हायस्कुलात मी गणित शिकवायचो. एका वर्षी वार्षिक परीक्षेचा पेपर फुटला. कपाट माझ्या ताब्यात, म्हणून संस्थेने मला मीटिंगमध्ये उभं केलं. कपाटाची दुसरी किल्ली ऑफिसात असायची, ती कोणाच्या हाती गेली हे कोणी विचारलंच नाही. सेक्रेटरी म्हणाले, "शिंगणापूरचा माणूस. ह्याला कुलपाची सवय कुठली?"

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. आळ आला त्यापेक्षा मधे गावाला ओढलं, ह्याचा मला जास्त राग आला. तो अजून आहे.

*

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी इथिओपियाला शिक्षक हवे होते. मुलाखत दिली, निवड झाली. निघण्याआधी नगरच्या बाजारात जाऊन दुकानातलं सगळ्यात मोठं कुलूप मागितलं. बरोबर वडील होते. त्यांनी जन्मात कुलूप घेतलं नव्हतं. दुकानदाराने विचारलं, कसलं दार आहे, गोदामाचं का?

वडील म्हणाले, "दार हितं कुठं हाय? आमचं पोरगं कुलूप लावाया आफ्रिकेत चाललंय."

*

तिथले हेडमास्तर उंच आणि कमी बोलणारे. मागून कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं, म्हणून पहिल्याच दिवशी मी पेपरफुटीचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, ड्रॉवर उघडला आणि परीक्षेच्या कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी घाबरून विचारलं, दुसरी कोणाकडे असते?

"दुसरी नाही," ते म्हणाले.

त्या दिवशी मी क्वार्टरवर गेलो तो ताठ मानेने.

*

क्वार्टरमध्ये जोडीला पारनेरचे पठारे सर होते, विज्ञानाचे. मी इतका धसका घेतलेला की पाणी आणायला गेलो तरी दाराला कुलूप. एका सकाळी पठारे सर आत अंघोळ करत होते आणि मी सवयीने कुलूप घालून शाळेत गेलो! पहिला तास संपला तरी विज्ञानाचे सर नाहीत. शेवटी शिपाई सांगत आला, की एक भारतीय टॉवेल गुंडाळून खिडकीतून भाषण करतोय.

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "आमच्या पारनेरला दारं हायेत, पन आमी मानसं बघून लावतो."

*

वर्गात मी गावाविषयी फुशारकीने सांगायचो. एकदा अल्माझ उठली. गणितात हुशार, शंका विचारल्याशिवाय न बसणारी मुलगी. म्हणाली, "सर, गावात तुम्हाला दारसुद्धा लागत नाही. मग इथलं कुलूप आमच्यासाठी आहे का?"

मी फळ्याकडे वळलो आणि पुढचं गणित घातलं.

*

वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी सायक्लोस्टाईल केलेले गणिताचे पेपर शाई वाळावी म्हणून मी क्वार्टरमध्ये टेबलावर पसरले. पठारे सर बाजाराला चला म्हणून घाई करत होते. अर्ध्या वाटेत खिशात हात गेला, तर कुलूप खिशातच! बिनदाराच्या घरात वाढलेला माणूस, नेमका त्याच दिवशी मूळ स्वभावावर गेला होता.

पळत आलो. वारा सुटला होता. दार सताड उघडं, आणि पायरीवर अल्माझ आणि तिच्या वर्गातल्या दोन मुली बसलेल्या. उद्या ह्यांचाच पेपर. मला संस्थेची ती मीटिंग आठवली. ह्या वेळी तर दुसरी किल्लीही नव्हती.

अल्माझ उठून उभी राहिली.

"सर, कागद उडून अंगणात आले होते. सगळे पालथे घालून गोळा केलेत. कुलूप कुठे सापडलं नाही, म्हणून वर दगड ठेवलाय."